भरून ठेवलेला आवाज

“एवढं एक लक्षात ठेव, वृषाली. हा कधी रिकामा होऊ द्यायचा नाही. बाकी काही जमलं नाही तरी चालेल.”

मुकुंदरावांनी हे सांगितलं तेव्हा घशाच्या शस्त्रक्रियेला चार दिवस उरले होते. त्यानंतर ते अकरा महिने जगले, पण जे काही बोलायचं ते पाटीवर खडूने लिहून. त्यामुळे नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं सांगणं म्हणून वृषालीबाईंच्या कानांत राहिलं ते एवढंच. आणि लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात धरलेला सोमवार ज्या बाईने एकेचाळीस वर्षांत एकदाही सोडला नव्हता, तिच्या कानात एखादं सांगणं राहिलं की त्याचा नेम व्हायला वेळ लागत नसे.

‘हा’ म्हणजे सांगाती. दहा-बारा वर्षांपूर्वी हे सांगाती बाजारात आले, तेव्हा लोकांना वाटलं होतं, खिशात घालून गाणी ऐकायचं आणखी एक यंत्र. कुंकवाच्या करंड्याएवढी पितळी रंगाची डबी, वर बारीक भोकांची जाळी. पण त्यात गाणी भरलेली नसत. माणूस भरलेला असे. एखाद्याने सहा-सात महिने रोज त्याच्यासमोर गायलं की सांगाती त्याची गाण्याची रीत उचलून घेई: श्वास कुठे घेतो, कुठल्या अक्षरावर रेंगाळतो, कुठे हसतो. मग तो स्वतःहून गायचा, रोज थोडं वेगळं, समोरच्याचा श्वास ऐकत, त्याच्यासाठी थांबत. रेकॉर्ड आपली वाजत राहते, तुम्ही असा की नसा. सांगातीला समोर कोणीतरी लागे.

घशात गाठ आहे हे कळल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत मुकुंदराव रोज संध्याकाळी त्या डबीसमोर बसले. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ दिगंबर. दोघांनी तीस वर्षं दर गुरुवारी जोडीने भजन केलेलं. मुकुंदराव स्वतःच भजनं रचत. पहिली अर्धी ओळ ते म्हणत, उरलेली अर्धी दिगंबर उचले. जळगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात बाहेर भजन चाले आणि आत वृषालीबाई चहा करत.

मुकुंदराव गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. पहाटे उठून आंघोळ, पूजा, पोथीचा एक अध्याय, आणि मग सांगातीचं एक भजन, एवढा वृषालीबाईंच्या दिवसाचा पाया. बहुतेक वेळा एकच भजन असे.

‘दिवस गेला राबताना’ असं मुकुंदराव म्हणत. मग दोन श्वासांएवढं थांबत. त्या थांब्यात ‘नाम राहिले घ्यायचे’ हे वृषालीबाई मनातल्या मनात म्हणत. ओठसुद्धा हलवत नसत. नवऱ्यापुढे आवाज काढून गायची सवय त्यांना कधीच नव्हती, आणि आता तर तो देवघरातून गात होता. तो थांबा आपल्यासाठीच आहे, असं त्यांना नऊ वर्षं वाटत आलं होतं.

संध्याकाळी दिवा लावला की त्या सांगातीला त्याच्या चार्जिंगच्या तबकडीवर ठेवत. तबकडी देवघरातच, समईच्या डाव्या हाताला. एक हिरवा ठिपका पूर्ण भरला म्हणून चमकायचा आणि सकाळपर्यंत चमकत राहायचा. समईत तेल कमी झालं की त्या लगेच घालत, तसंच हे. रिकामा होऊ द्यायचा नाही, तर मग सतत भरलेलाच असलेला बरा. सोबत आलेलं सूचनांचं पत्रक त्यांनी पोथीच्या लाल फडक्यात बांधून ठेवलं होतं. ह्यांच्या वस्तूबरोबर आलेला कागद म्हणून त्या त्यालाही हळद-कुंकू वाहत. वाचलं मात्र कधी नव्हतं.

यंदा चैत्रात एका सकाळी वरचा सूर लागला नाही.

ह्यांना सर्दी झाली असावी, असं पटकन त्यांच्या मनात आलं आणि त्या स्वतःशीच ओशाळल्या. पंधरा दिवसांनी खर्जात खरखर आली. मग एका गुरुवारी ‘दिवस गेला’ म्हणून मुकुंदराव अडखळले, आणि ‘राबताना’ हा शब्द आलाच नाही. म्हातारा माणूस दारात येऊन, कशाला आलो होतो, असं आठवत उभा राहतो, तसा तो आवाज क्षणभर उभा राहिला आणि पुढच्या कडव्याला गेला.

त्याच आठवड्यात भरदुपारी दिगंबरची मुलगी केतकी आली. ती भुसावळला शाळेत शिकवायची. बाहेर सेहेचाळीस अंशांचं ऊन, आणि ही स्कूटरवरून.

“मोठी आई, आधी पाणी दे. मग काय रागवायचं ते रागाव.”

“मी कधी रागावले ग तुझ्यावर?”

“तेच तर. तू रागावत नाहीस, नुसती जपमाळ हातात घेतेस. त्याचीच भीती वाटते.”

वृषालीबाईंनी माठातलं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. केतकी दोन तांबे प्यायली आणि पदर पसरल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसली.

“बाबांना अजून बोलता येत नाही.”

हे वृषालीबाईंना ठाऊक होतं. मार्गशीर्षात दिगंबरला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्या एकदा दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं होतं आणि नुसतं ‘ते… ते… ते’ असं निघालं होतं. त्यानंतर त्या गेल्या नव्हत्या. पाटी-खडूचे अकरा महिने एकदा काढले होते. पुन्हा तसे डोळे बघायची ताकद नव्हती.

“पण गाता येतं,” केतकी म्हणाली.

“म्हणजे?”

“शेजारी आरती चालू होती. बाबा आतल्या खोलीतून तिच्यात मिसळले. शब्दांसकट, सुरात. आरती संपली आणि पाणी मागता येईना. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, बोलण्याचे शब्द मेंदूच्या डाव्या बाजूला असतात, ती बाजू गेलीय. गाण्याचं पुष्कळसं उजवीकडे असतं, ते शाबूत आहे. आता त्या वाटेने शब्द परत आणायचे. ओळखीच्या माणसाने पुढे गायचं, बाबांनी मागून उचलायचं. रोज दोन तास. हळूहळू त्याच चालीत ‘पाणी दे’, ‘इथे दुखतंय’ असं बसवत न्यायचं. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढं येतं म्हणे. पाच संपले.”

“मग तू गा की.”

“गायले. त्यांनी डाव्या हाताने एक कान झाकला. दोन्ही झाकता येत नाहीत म्हणून एकच.”

“लहानपणापासून तू बेसूरच.”

“घराण्यात एखादं असावं लागतं, दृष्ट लागू नये म्हणून.” केतकी हसली, पण लगेच गंभीर झाली. “मोठी आई, बाबांनी आयुष्यभर एकाच माणसाच्या मागून ओळ उचलली. सांगाती तीन आठवडे दे. मी जिवापाड जपेन.”

वृषालीबाईंनी देवघराकडे पाहिलं. मुकुंदरावांच्या तिथीला दिगंबर दरवर्षी यायचा. जेवून निघताना देवघरापाशी उभा राहायचा आणि विचारायचा, “वहिनी, एक दिवस नेऊ का? संध्याकाळी आणून देतो.” त्या शांतपणे सांगायच्या, “भाऊजी, नेम मोडेल.” सहा वर्षं त्याने विचारलं. सातव्या वर्षी विचारलं नाही. आठव्या वर्षी आलाच नाही.

नेमाचं कारण खोटं नव्हतं. पण त्याच्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते त्यांनी देवालाही कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांतला प्रत्येक गुरुवार तुम्हाला मिळाला, भाऊजी. माझ्या वाट्याला आतल्या खोलीतून ऐकणं आलं. आता एवढं तरी माझ्याकडे राहू द्या.

“आवाज जरा बसलाय,” त्या केतकीला म्हणाल्या. “दाखवून आणते आधी. मग बघू.”

बाजारात जुनी यंत्रं दुरुस्त करणारी समीना शेख होती. चाळिशीची, इंजिनिअर झालेली, कपाळावर भिंग अडकवून बसलेली. तिने सांगातीला दोन तारा लावल्या, पडद्यावरच्या रेषा बघितल्या.

“मावशी, हा सतत चार्जिंगवर असायचा का?”

“एक दिवस चुकला नाही,” वृषालीबाई म्हणाल्या. आवाजात थोडा अभिमान होता.

“आणि गरम जागी?”

“देवघरात. समईजवळ.”

समीनाने भिंग खाली घेतलं. “मी सांगते ते ऐकून रागावू नका. साध्या बॅटरीत काय असतं, दोन भिंती आणि मधे लिथियमचे कण. चार्ज केलं की सगळे कण एका भिंतीत जाऊन बसतात, वापरलं की दुसरीकडे येतात. सांगातीत आणखी एक गंमत केली होती. काही कण ये-जा करणारे, काही एका जागी बसलेले. कोण कुठे बसलाय, तोच आवाज. म्हणजे बॅटरी वेगळी आणि आठवण वेगळी असं यात नाहीच. एकाच भिंतीत दोन्ही.”

“मग एका भिंतीतून दुसऱ्या डबीत उचलून ठेवता नाही येणार?”

“ते कण मोजायचे तर हलवावे लागतात. हलवले की जागा मोडली. म्हणून तर दोन सांगाती एकसारखे कधी झाले नाहीत. तेव्हा लोकांना त्याचंच कौतुक होतं. आता बनवणारी कंपनीही राहिली नाही.”

“पण रिकामा होऊ द्यायचा नाही, असं सांगितलं होतं.”

“बरोबर सांगितलं होतं. पूर्ण उतरला असता तर एका दिवसात सगळं पुसलं गेलं असतं. पण काठोकाठ भरून ठेवणं हेही त्याला सोसत नाही. भरलेली बॅटरी म्हणजे ताणून धरलेलं रबर, मावशी. वापरा नाहीतर नका वापरू, ते ताणलेलंच असतं. त्यात उष्णता. मग भिंतीवर एक साय धरते, दुधावर धरते तशी, आणि ती कण धरून ठेवते. कायमचे. अर्धा भरून, गार जागी ठेवला असता, मधूनमधून चार माणसांत गाऊ दिला असता, तर अजून पंधरा वर्षं काही झालं नसतं. पत्रकात लिहिलेलं असतं ते.”

वृषालीबाईंच्या हातात रुमाल होता. त्याची त्यांनी चौकोनी घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली.

“किती उरलंय?”

“शंभरातले अकरा. रोज तुमचं एक भजन म्हणाल, तर वर्षभर निघेल. रोज दोन तास म्हणाल, तर वीसेक दिवस. आणि आता अर्ध्याच्या वर भरू नका. झालं ते झालं, पण उरलेलं तरी हळू जाईल.”

निघताना समीनाने विचारलं, “कोण होते?”

“आमचे हे.”

“गळा छान होता,” ती म्हणाली. “आता तपासताना दोन ओळी ऐकल्या.”

त्या संध्याकाळी केतकीचा फोन आला तेव्हा वृषालीबाईंनी सांगितलं, “दुरुस्तीला दिलाय ग. आठवडा लागेल म्हणतात.” सांगाती त्यांच्या मांडीवर होता.

साठी उलटलेल्या, जन्मात खोटं न बोललेल्या बाईला खोटं बोलायला एवढे कमी शब्द लागतात, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी निर्जळी उपवास धरला, आणि उपवासाच्या पोटी चार तास सांगाती ऐकला. नऊ वर्षं रोज एका भजनावर समाधान मानलं होतं, त्याची सगळी भूक आता वर आली होती. त्याच्या पुढच्या दिवशीही चार तास. दुपारचं ऊन दारांच्या फटींतून आत येत होतं, पोथी लाल फडक्यात तशीच होती, आणि त्या भिंतीला टेकून नवरा ऐकत होत्या. तिसरा दिवस. चौथा. कुठलं भजन किती विरलंय ते त्या पारखत बसल्या, जुन्या साड्या उजेडात धरून बघतात तशा.

पाचव्या दिवशी एकादशी होती. ‘दिवस गेला राबताना’ लागलं. आता कोण ऐकतंय, असं वाटून त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, आणि थांब्यात मोठ्याने म्हटलं, “नाम राहिले घ्यायचे.”

सांगाती थबकला.

पुढची ओळ आली नाही. थोड्या वेळाने मुकुंदरावांनी पहिलीच अर्धी ओळ पुन्हा म्हटली, जरा हळू, विचारल्यासारखी. वृषालीबाईंनी पुन्हा उत्तर दिलं. तो पुन्हा थबकला. खोलीत कुणी परकं आलं की गाणारा माणूस आवाज आवरून घेतो, तसा. तिसऱ्यांदा त्यांनी काहीच म्हटलं नाही. दोन श्वास गेले, आणि मुकुंदराव आपले पुढच्या कडव्याला लागले.

सहा महिने रोज संध्याकाळी या डबीसमोर दोघेजण बसले होते. तिने एकाचा गळा घेतला, आणि दुसऱ्यासाठी थांबायला शिकली. तो दोन श्वासांचा थांबा दिगंबरच्या छातीच्या मापाचा होता. तिथे नऊ वर्षं कुणी आलं नाही, म्हणून मुकुंदराव रोज जरासे थांबून एकटेच पुढे जात राहिले. आणि त्या एकटेपणाला त्या आपला संसार समजत होत्या.

द्वादशीला सकाळी त्यांनी सांगाती रुमालात गुंडाळला आणि भुसावळची बस धरली.

दिगंबर खिडकीशी खुर्चीत बसला होता. रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेला धिप्पाड माणूस, आता एका अंगाने खचलेला. वहिनींना बघून त्याने तोंड उघडलं, ‘ते… ते’ झालं आणि त्याने मान दुसरीकडे वळवली. वृषालीबाईंनी सांगाती त्याच्यापुढच्या स्टुलावर ठेवला.

‘दिवस गेला राबताना…’

दिगंबरची मान वळायच्या आधी त्याचा श्वास वळला. दोन श्वास, बरोबर दोन. मग त्या खचलेल्या छातीतून, शब्दाला शब्द लागून, स्वच्छ आलं, ‘नाम राहिले घ्यायचे.’

आणि सांगाती पुढे गेला. मुकुंदरावांच्या आवाजात, त्या विरलेल्या आवाजातही, एक हसू आलं. हे हसू नऊ वर्षांत वृषालीबाईंनी ऐकलं नव्हतं. केतकी स्वयंपाकघराच्या दारात ओढणीने डोळे पुसत उभी होती. वृषालीबाईंना मात्र तिथे बसवेना. सांगाती अर्धाच भरायचा, गार ठेवायचा, असं सांगून त्या दुपारच्या बसने परत आल्या.

रोज रात्रीच्या जेवणाआधी केतकीचा फोन येई. दुसऱ्या दिवशी ‘पाणी’ आलं. चौथ्या दिवशी ‘नको’. “आणि आता सगळ्यालाच नको म्हणतात,” केतकी म्हणाली, “व्यायामाला नको, गोळीला नको. मला तर शब्द शिकवल्याचा पश्चात्ताप होतोय.” सहाव्या दिवशी दिगंबरने लेकीला नावाने हाक मारली. वृषालीबाई फोन ठेवून देवाला नमस्कार करत, आणि सकाळी पोथी झाल्यावर काय करायचं ते न सुचून नुसत्या बसून राहत.

नवव्या दिवशी फोन सकाळीच आला.

“मोठी आई, तो थांबला ग. मधेच. आता नुसती फुंकर मारल्यासारखा आवाज येतोय. अजून बारा दिवस लागणार होता ना? आणि बाबा… बाबांना वाटतंय त्यांनी मोडला. काल जरा घट्ट धरला होता हातात. सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नाहीये.”

त्या पोहोचल्या तेव्हा दिगंबर खुर्चीत वाकून बसला होता. सांगाती त्याच्या डाव्या तळव्यावर, मेलेलं पाखरू धरावं तसा. वहिनींना पाहताच तो तळवा त्याने पुढे केला, आणि ओठ हलले. ‘मी… मी…’

वृषालीबाई त्याच्यासमोर खाली जमिनीवरच बसल्या.

“तुम्ही नाही मोडला, भाऊजी. मी संपवला.”

त्याने मान हलवली. त्या थांबल्या नाहीत. थांबलं तर पुन्हा जमणार नाही, हे त्यांना कळत होतं.

“नऊ वर्षं काठोकाठ भरून, दिव्याच्या धगीला ठेवला. वाटलं, जपतेय. तुम्ही सहा वर्षं मागितलात, दिला नाही. दिला असता तर तो आजही गात असता. आणि केतकी मागून गेली, तेव्हा दुरुस्तीला दिलाय म्हणून खोटं सांगितलं, आणि पाच दिवस, चार-चार तास, माझी मी ऐकत बसले. तुमचे दहा दिवस मी तिथे खाल्ले.”

केतकीच्या हातातला पेला तसाच राहिला. मग तो खाली ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

दिगंबर त्यांच्याकडे बघत होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. नुसता राग नव्हता तो, नुसती क्षमाही नव्हती. काहीतरी लांबलचक, दादाबद्दलचं असावं. कारण ‘दादा’ एवढं आलं. ‘दादा… दादा…’ आणि पुढे दार बंद. त्याने मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. डोळे भरून आले. सुरुवात करून द्यायला कुणी नव्हतं.

वृषालीबाईंनी घसा साफ केला. नऊ वर्षांच्या सगळ्या सकाळी ऐकून त्यांना त्या अर्ध्या ओळीतला श्वासन् श्वास पाठ होता: ‘दिवस’वर हलका हात, ‘गेला’नंतर कणभर उसंत, ‘राबताना’ खाली सोडून द्यायचं. पाठ होतं, पण गळ्यातून कधी काढलं नव्हतं.

“दिवस गेला राबताना…”

आवाज पातळ, कापरा, वाटेत एकदा तुटलेला. दिगंबरने भुवया आक्रसल्या. क्षणभर वाटलं, तो कान झाकणार. एक श्वास गेला. दुसरा गेला. तिसराही गेला.

“नाम… राहिले… घ्यायचे,” तो म्हणाला.

मुकुंदरावांच्या मागून यायचं तसं नव्हतं ते. अडखळत, खाली मान घालून आलं. पण आलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, त्याने पुन्हा उचललं. चौथ्या-पाचव्या वेळी वृषालीबाईंनी त्याच चालीत, लाजत लाजत, घातलं, “सांगा भाऊजी काय हवं…”

दिगंबरने विचार केला. “चहा… साखरेचा… हवा.”

“साखर मिळायची नाही,” केतकी दारातून म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, पण गॅस पेटवल्याचा आवाज आला.

चहा झाल्यावर वृषालीबाई उठल्या. “उद्यापासून मी येते. रोज. साडेसातला इथे असेन.”

दिगंबरने डाव्या हाताचं बोट वर करून प्रश्नार्थक हलवलं. रोज?

“बाबा, तिने रोज म्हटलं की रोज,” केतकी म्हणाली. मग थोडं थांबून, वृषालीबाईंकडे न बघता, “निदान तेवढं तरी तिचं खरं असतं.”

तो टोमणा होता, आणि त्यांनी तो निमूटपणे पदरात घेतला. उपचार करणाऱ्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, सहा महिन्यांनंतर शब्द फार हळू येतात, काही येतच नाहीत. ‘दादा’च्या पुढे काय होतं ते कदाचित कधीच कळणार नव्हतं. मुकुंदरावांच्या आवाजाने ते आलं असतं का? हा प्रश्न आता त्यांच्यापाशी राहणार होता, जन्मभर.

दुसऱ्या दिवशी त्या तासभर आधी उठल्या. सव्वासहाची बस गाठायची तर सगळा नेम होणं शक्य नव्हतं. पूजा केली, दिवा लावला. पोथी उघडली, अध्यायाच्या पाच ओव्या वाचल्या आणि खूण घालून बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा अध्याय अर्धा राहिला. “आज एवढंच,” त्या देवाला हळूच म्हणाल्या, “उद्याही एवढंच होईल.”

पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन दशम्या घातल्या. घसा कोरडा पडू नये म्हणून ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरली. कुलूप लावत होत्या तेव्हा शेजारच्या वारकेबाई दूध घेऊन परतत होत्या.

“इतक्या सकाळी कुठे हो? देवाला?”

“नाही,” वृषालीबाई म्हणाल्या, “कामावर.”

आणि पदर खांद्यावर घेऊन त्या बसथांब्याच्या दिशेने चालू लागल्या.